अकरा महिन्यांचा करार

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

प्रभाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग मनातूनच समजून घ्या, गुडघे आता एवढं वाकायला तयार नाहीत. तुमचा तिळगूळ पोचला. एकही वडी मोडली नव्हती म्हणून खूश होऊन मी कुरिअरवाल्यालाच पहिली दिली. तो म्हणाला, "आंटी, ये गजक है ना?" मी म्हटलं, बिल्कुल, गजकच समज. संक्रांतीच्या दिवशी कुठे वाद घालत बसू?

मंगळवारी नेहमीप्रमाणे मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबला जाऊन आलो. धुकं इतकं होतं की स्मारकासमोर उभं राहून स्मारक दिसेना. आपल्या फ्लॅटमधले भाडेकरू विश्वासराव, तुम्हाला ठाऊक आहेतच, तेही होते. त्यांचं नाव असं, त्यामुळे पानिपतला सगळे त्यांना फार जपून नेतात आणि परत येताना बसमध्ये दोनदा मोजतात. यंदा मोजायचं काम माझ्याकडे होतं.

आता कामाचं. फ्लॅटला गिऱ्हाईक लागलं. नवरा-बायको दोघंही नोकरीतले, एक मुलगी, सभ्य माणसं. डीलर मात्र नमुना होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मैडम, रजिस्ट्री सर्कल रेट पे करा लो, बाकी कैश. टैक्स बच जाएगा." म्हणजे खतात सरकारी दर दाखवायचा आणि वरचे रोख घ्यायचे. मी म्हटलं, "भैया, मेरे पति सरकारी ऑडिट में थे. ऊपर से सब देख रहे हैं." त्याने खरोखरच मान वर करून छताकडे पाहिलं आणि मग तो विषय काढला नाही. सगळी रक्कम बँकेतूनच येईल. त्यातला एक टक्का खरेदी करणारेच कापून आपल्या दोघींच्या नावावर सरकारात भरतील. तो नंतर आपल्या करातून वजा होतो, तेव्हा कमी पैसे आले म्हणून मला फोन करू नका.

कराचं मी क्षिप्राला विचारलं. जनकपुरीला तिचं सीएचं ऑफिस आहे, मंडळातल्या लेल्यांची मुलगी. तिने समजावलं ते लिहूनच कळवते. फोनवर तुम्ही "हो, हो" म्हणता आणि चार दिवसांनी तेच विचारता.

इतकी वर्षं आपण भाडं घेतलं त्याचा कर वेगळा, तो दरवर्षी भरलेला आहे. हा कर विक्रीच्या नफ्यावर. ज्या किमतीला घेतलं आणि ज्या किमतीला विकलं त्यातला फरक म्हणजे नफा. खरेदीच्या किमतीत घरात घातलेली मोठी सुधारणा मिळवता येते. म्हणजे बाल्कनी बंद करून खोली काढली तो खर्च धरायचा, रंगरंगोटी नाही. घर दोन वर्षांहून जास्त जवळ असलं की नफा दीर्घ मुदतीचा होतो आणि कर कमी लागतो. गेल्या जुलैपासून दर बदलला. एक तर सरळ साडेबारा टक्के, नाहीतर महागाईच्या हिशेबाने खरेदीची किंमत फुगवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. आपलं घर त्या जुलैच्या आधीचं, म्हणून आपल्याला जे कमी पडेल ते घेता येतं. क्षिप्राने दोन्ही करून पाहिलं. आपल्याला साडेबाराच स्वस्त.

एक गोष्ट ऐकून मात्र माझं मन भरून आलं. घर तुमचं आणि ह्यांचं अर्धं-अर्धं. हे गेल्यावर ह्यांचं अर्धं माझ्याकडे आलं, म्हणून मी तिला म्हटलं, माझं घर सहा वर्षांचं गं. ती म्हणाली, "नाही काकू, वारशाने आलंय ना? मग काकांनी घेतलं तेव्हापासून तुमचं. किंमतसुद्धा तीच." सरकारच्या हिशेबात ह्यांचं जाणं मध्ये येतच नाही, वन्सं. मेट्रोत थोडं रडू आलं. एका मुलीने उठून जागा दिली तर मी बसून राहिले आणि दोन स्टेशनं पुढे गेले.

कर वाचवायच्या वाटा दोन. एक, सहा महिन्यांच्या आत सरकारी रोखे घ्यायचे, पन्नास लाखांपर्यंत, आणि मग पाच वर्षं त्यांना हात लावायचा नाही. दुसरी, दोन वर्षांच्या आत राहतं घर विकत घ्यायचं. नव्या घरात जेवढा नफा घालू तेवढ्यावर कर नाही, उरेल त्यावर आहे. तुमचा अर्धा हिशेब तुमचा, माझा माझा. तुम्ही काय करणार ते कळवा.

मी घर घ्यावं म्हणते. माझा हा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन चढताना मी दर जिन्यावर शेजाऱ्यांची चौकशी करते, तेवढाच दम खायला मिळतो. शेजाऱ्यांना वाटतं मी फार प्रेमळ आहे.

आणि हो, सहज विचारते. तुमच्या कराडच्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा ब्लॉक अजून विकायचा आहे का? घर भारतात कुठेही घेतलेलं चालतं. तुमच्यासमोरच्या सोनचाफ्याच्या बंगल्याचं काय झालं? ते आपलं नुसतं उत्सुकता म्हणून. माझ्या एकटीच्या वाट्यात तो बसायचा नाही आणि ब्लॉक घेतला तर पैसे उरून त्यावर कर बसेल. पण उरले तर उरले.

भाडेकरूची सोय काय, हे तुम्ही फोनवर दरवेळी विचारता. होईल. करार एप्रिलपर्यंत आहे, माणूस भला आहे, अडून बसणार नाही. कराडला थंडी कशी आहे? हुरडा मिळाला का?

तुम्हाला इतका प्रवास करायला सांगत नाही. तिथेच मुखत्यारपत्र करून पाठवलंत तर तुमच्या वतीने मी इथे सही करीन. सोबत क्षिप्राने दिलेला मसुदा आहे.

तब्येतीला जपा. भाडेकरूचं मी बघते.

तुमची,
प्रभा

*

द्वारका
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं,

नमस्कार. तो टीव्ही नव्हता.

परवा तुमचा फोन चालू असताना मागून "प्रभाताई, हिंग कुठे ठेवलाय?" असा आवाज आला आणि मी टीव्ही म्हणून सांगितलं. कुठल्या मालिकेत पुरुषमाणूस हिंग शोधतो, असं तुम्ही विचारलंत आणि मी दारावर कुणी आलंय म्हणून फोन ठेवला. दारावरही कुणी नव्हतं. ते विश्वासराव होते. दर शुक्रवारी ते इथे आमटी करतात. माझ्यापेक्षा बरी करतात, फक्त हिंग हात सोडून घालतात.

समोर बसून सांगण्यासारखं हे. पण तुमच्या समोर माझी बोबडी वळते, फोनवर तुम्ही मध्ये बोलता, म्हणून पत्र. आधीचं पत्रसुद्धा याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता सगळा कर लिहून झाला आणि हे राहिलं.

विश्वासरावांना तुम्ही एकदाच पाहिलंत, ह्यांच्या तेराव्याला. उंच, चष्मा, पंगतीत वाढत होते ते. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, आपल्यासारखंच. त्यांना ठेवलं ह्यांनीच. मराठी भाडेकरू मिळाला म्हणून त्या दिवशी ह्यांनी आख्ख्या सेक्टरला पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

तुम्हाला आठवतं, इथे भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच करतात. वर्षाचा केला की रजिस्ट्रेशनचं झंझट. त्यामुळे दरवेळी नव्या कराराची तारीख एक महिना अलीकडे सरकते. पहिला केला मार्चमध्ये, पुढचा फेब्रुवारीत, त्याच्या पुढचा जानेवारीत. ह्यांची पद्धत अशी की करार चहा-पोह्यांवर करायचा, कलमं मोठ्याने वाचायची आणि मग सही. "भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकू नयेत," हे कलम हे नाटकातल्यासारखं वाचत. हे गेल्यावर ती पद्धत मी चालू ठेवली. ह्यांची म्हणूनच ठेवली, खरं सांगते.

मग एक करार सप्टेंबरात तोंडाला मास्क लावून सोसायटीच्या फाटकाशी केला, पोहे डब्यातून नेले. एक ऑगस्टच्या घामात, एक जूनच्या लूच्या तापल्या वाऱ्यात, वीज गेलेली, ते फायलीने मला वारा घालत होते आणि मी कलमं वाचत होते. मागे सरकत सरकत आम्ही सगळं वर्ष फिरून आलो, वन्सं. फक्त एप्रिल राहिलाय. चालू करार या एप्रिलमध्ये संपतो.

फ्लॅट विकायचा ठरला तेव्हा मी त्यांना रीतसर सांगितलं. ते लगेच म्हणाले, बरोबर आहे, पुतण्या मानेसरला राहतो, तिकडे खोली बघतो. एवढंच. मीही म्हटलं, ठीक आहे. आणि घरी येऊन वरण करपवलं.

पानिपतहून परत येताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. मोजणी झाली होती, माणसं पेंगत होती. मी म्हटलं, मला नवं घर घ्यावंच लागणार आहे, सरकारच सांगतंय. त्यात एक खोली जास्तीची असेल. ते म्हणाले, "भाडं किती?" मी म्हटलं, या वेळी भाड्याने द्यायची नाही असं म्हणते. त्यावर ते मुरथलच्या ढाब्यापर्यंत चष्मा पुसत राहिले. तिथे बस थांबली, सगळे पराठ्यांवर तुटून पडले, आणि ते चहाचे दोन कप घेऊन आले आणि म्हणाले, "मग एप्रिलमध्ये रीतसर लग्नच करू."

पानिपतावरून विश्वासरावांना सुखरूप घेऊन येणारी मी पहिलीच असेन. हसू आलं असेल तर हसा. मलाही येतं. या वयात कपाटासमोर उभी राहून, लग्नात कोणती साडी, असा विचार करते तेव्हा तर फारच येतं.

आता न हसण्यासारखं. गुरुवारी क्षिप्राकडे गेले होते. तिने विचारलं, "काकू, नव्या घराच्या डीडमध्ये जॉइंट नाव कुणाचं? म्हणजे टॅक्सची सूट पैसा ज्याचा त्यालाच, पण नाव ठरवून ठेवा." मी गडबडले. विषय बदलायला म्हटलं, आधी वन्संची सही तर येऊ दे. ती म्हणाली, "वन्सं म्हणजे?" दिल्लीत वाढलेली पोर, हा शब्द तिने ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, ननंद गं, नवऱ्याची बहीण. "अच्छा, मतलब काकांची बहीण!" तिने लिहून घेतलं. मग तिला मी विश्वासरावांचं सांगितलं. पोरगी टुणकन उठून मला बिलगली, मिठाई मागवायला निघाली, आणि निघता निघता सहज म्हणाली, "मग काकू, लग्नानंतर त्या तुमच्या कोण?"

मिठाई आली ती खाल्ली. घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

लग्न होऊन मी दिल्लीत आले तेव्हा मला गॅसचा नंबर लावण्यापासून डीटीसीच्या बसमध्ये मागच्या दाराने चढण्यापर्यंत सगळं तुम्ही शिकवलंत. माझी आई गेली तेव्हा स्टेशनवर तुम्ही आलात. हे गेले तेव्हा तुमचा भाऊ गेला होता, तरी रात्री माझ्या डोक्यावर हात तुमचाच होता. तुम्ही माझ्या कुणीच नाही असं झालं तर नवरा मिळून मी काय करू? एवढीच भीती आहे. लोक काय म्हणतील ती मला नाही, लोकांना मी पोहे देईन.

तर आता स्पष्ट विचारते. तुम्हाला हे पटणार नसेल तर मी इथेच द्वारकेत तळमजला बघते, तुमच्या डोळ्यांसमोर रोज नको. तुमचा अर्धा वाटा तुम्हाला नेहमीसारखा पोचेल. आणि चालणार असेल तर तुमच्या बिल्डिंगमधला ब्लॉक घेते आणि आम्ही कराडला येतो. परवानगी मागत नाही असं लिहायचं ठरवलं होतं. पण मागतेच आहे.

खाली काय लिहावं कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

प्रभा

*

कराड
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रभास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. आधी राग लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. लग्न करतेस याचा राग आला नाही. टीव्ही म्हणालीस याचा आला. मी दोन दिवस अबोला धरला. घरात मी एकटीच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच कंटाळले.

मग भालूची खूप आठवण आली. त्याच्या जागी दुसरं माणूस बसलेलं मला लगेच आवडेल असं खोटं लिहिणार नाही. वेळ लागेल. पण लांब राहून जास्त लागेल आणि समोर राहून कमी, असा मी विचार केला. शिवाय हा भाडेकरू भालूने स्वतः निवडलेला. माझ्या भावाने फार थोड्या गोष्टी नीट निवडल्या. एक तू, एक हा. बाकी त्याचे शर्ट तू पाहिलेच आहेस.

आता कामाचं, कारण तू विचारलेल्यातलं तेच मला झटकन समजलं. माझ्या अर्ध्याचं काय करू? रोख्यांत घालून पाच वर्षं हात लावू नको म्हणतेस. बहात्तराव्या वर्षी मला पाच वर्षं थांबा म्हणणाऱ्या सरकारचं कौतुक वाटतं. मी इथल्या करसल्लागाराला भेटले. त्याला विचारलं, दोघी मालकिणींनी आपापला नफा एकाच नव्या घरात घातला तर? तो म्हणाला, चालेल की, जिने जेवढा घातला तिला तेवढी सूट. माझा आधीचा ब्लॉक असला तरी हरकत नाही. दोनदा विचारून घेतलं.

तर तळमजल्याचा ब्लॉक राहू दे. त्याच्या स्वयंपाकघरात ओल आहे, मी स्वतः हात लावून पाहिली. तुझा अर्धा आणि माझा अर्धा मिळून सोनचाफ्याचा बंगला होतो. मालक पुण्याला मुलाकडे चालले आहेत, घासाघीस मी सुरू केली आहे. बैठं घर, जिना नाही, दारं दोन. एकीकडे तुम्ही, एकीकडे मी. गुडघे फक्त तुलाच आहेत असं समजू नकोस. माझा हा ब्लॉक भाड्याने देईन. करार अकरा महिन्यांचाच करीन म्हणते, बघू या काय होतं.

खरेदीखतावर नावं दोनच, तुझं आणि माझं. पैसे आपले, सूट आपली. विश्वासरावांनी भाडेकरूच राहावं, त्या कामाचा त्यांना अनुभव आहे. भाडं म्हणून सकाळचा चहा मला माझ्या दारात आणून द्यावा, आलं घालून, साखर नाही. भिंतीला खिळे ठोकू नयेत. हिंगाची डबी माझ्या ताब्यात राहील.

एप्रिलमध्ये मी दिल्लीला येते. उन्हाची भीती मला घालू नकोस, मी तिथे तीस वर्षं नोकरी केली आहे. रजिस्ट्रारच्या ऑफिसात साक्षीदार लागतात ना? एक सही माझी धरा. साडी मी आणते, तू कपाटासमोर उभी राहू नकोस.

मुखत्यारपत्र रजिस्टर करून सोबत पाठवलं आहे. फ्लॅट विकायला माझी सही आहे. बाकी काही मी विकायला काढलेलं नाही, हे त्या क्षिप्राला सांग. आणि तिला शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा लिहून घ्यायला सांग. नवऱ्याची बहीण हे अर्धंच झालं.

तुझी वन्सं,
कुमुदिनी